रक्तातील जस्ताचे मापन आणि त्यावरील निष्कर्ष

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफच्या साहाय्याने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यातील जस्तविषयक आकडे अभ्यासकाने पारखूनच स्वीकारावेत, असे आहेत.

जस्ताच्या न्यूनतेचे प्रमाण १ ते ४ वर्षांच्या बालकांत १९, ५ ते ९ वर्षांच्या मुलांत १७ व किशोरवयीनांत ३२ टक्के दिले आहे. मापन अणुशोषण वर्णपटमापनाने झाले. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ज्योतीतील जस्ताचे अणू २१३.९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात व त्या शोषणावरून जस्ताचे प्रमाण कळते. पद्धत विश्वसनीय आहे. शंकेला जागा आहे ती यंत्राच्या आधी आणि नंतर.

आधीचा प्रश्न नमुन्याचा. तांबड्या पेशींत रक्तरसाच्या मानाने जस्त कितीतरी अधिक असते. सावेडीत घेतलेले रक्त पुण्यास पाठवावयाचे, तर मार्ग सुमारे १२० किलोमीटरचा. रक्तरस वेगळा न करताच ते पाठविले, तर पेशींतील जस्त त्यात उतरते आणि खरी न्यूनता झाकली जाते. साध्या नळीचे रबरी बूचही जस्त सोडते. हे जस्त कोठून आले, ते यंत्र सांगू शकत नाही.

नंतरचा प्रश्न सीमारेषेचा. प्रचलित मर्यादा अमेरिकेतील १९७६ ते १९८० च्या पाहणीवरून ठरल्या आहेत. दहा वर्षांखालील मुलांसाठी सकाळची मर्यादा डेसिलिटरला ६५ मायक्रोग्रॅम, तर त्यापुढील मुलग्यांसाठी उपाशीपोटी ७४. म्हणजे ७० हे मूल्य नवव्या वर्षी पुरेसे, तर अकराव्या वर्षी उणे ठरते. तेव्हा १७ वरून ३२ वर गेलेल्या उडीत काही वाटा शरीराचा नसून रेषेचा असणे संभवते. शिवाय २० टक्क्यांहून अधिक न्यूनता हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानतात. बालकांचा १९ हा आकडा त्या रेषेस टेकलेला आहे. नमुन्यातील अल्प दोषही येथे निर्णय फिरवू शकतो.

म्हणून अशा संशोधनात टक्केवारीबरोबर रक्त घेतल्याची वेळ, उपवासाची स्थिती, रक्तरस वेगळा करण्यास लागलेला अवधी आणि मूल्यांची मूळ विभागणी देणे आवश्यक मानले पाहिजे. त्यांवाचून दिलेली टक्केवारी धोरणास आधार म्हणून अपुरी होय.