'मोठ्यानें' कीं 'प्रकट'?

इंग्रजी 'अलाउड' या शब्दाचें भाषांतर आपल्याकडे सर्रास 'मोठ्यानें' असें करण्यांत येतें. 'रीड अलाउड' म्हणजे 'मोठ्यानें वाचा'. ही आज्ञा ऐकत वाढलेला विद्यार्थी वाचूं लागला कीं ओरडूं लागतो, यांत नवल नाहीं. आमच्या मतें हें भाषांतर सदोष आहे, आणि त्यामुळें वाचनाविषयींची आपली कल्पनाच थोडी बिघडली आहे.

'लाउड' या शब्दाचा आजचा अर्थ 'मोठा, कर्कश' असा असला, तरी त्याचें मूळ ऐकण्यांत आहे. तो व संस्कृत 'श्रुत' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'ऐकलें गेलेलें' हा दोहोंचा आद्य अर्थ. पुढें एका घरीं त्याचा गलका झाला, दुसऱ्या घरीं विद्या झाली. 'बहुश्रुत' मनुष्य आपल्याकडे विद्वान समजला जातो. 'अलाउड' मध्यें मात्र तो जुना अर्थ बराचसा टिकून आहे. हलक्या आवाजांत वाचलेलें, पण शेजारीं बसलेल्यास ऐकूं गेलेलें, तेंही 'अलाउड'च.

आतां खुद्द वाचनाचे शब्द पाहावे. इंग्रजी 'रीड' चा जुना अर्थ सल्ला देणें, अर्थ लावणें. कोडें या अर्थाचा 'रिडल' हा त्याचाच भाऊबंद. लॅटिनांत वाचणें म्हणजे मुळांत वेंचणें, गोळा करणें. 'लेक्चर' तेथूनच आला, आणि त्याचा मूळार्थ नुसतें 'वाचन' असा आहे. (तेव्हां वर्गांत जुन्या वह्या वाचून दाखविणारे आमचे व्यवसायबंधु व्युत्पत्तीच्या न्यायासनापुढें निर्दोष सुटतील!) आपलें 'वाचणें' या दोहोंहून निराळें. तें संस्कृत 'वाचयति' या प्रयोजक रूपापासून आलें. म्हणजे 'बोलावयास लावणें'. संस्कृत नाटकांत पात्राच्या हातीं पत्र आलें कीं हीच रंगसूचना येते, आणि मजकूर प्रेक्षकांच्या कानीं पडतो. मुकीं अक्षरें बोलकीं करणें, तें वाचन. इंग्रजींत 'रीड' म्हटलें कीं आज मूकवाचन गृहीत धरतात, आवाज हवा असल्यास 'अलाउड' जोडतात. मराठी शब्दाच्या घडणीप्रमाणें पाहतां जोड लागावयाची ती उलट, 'मनांत वाचणें' अशी.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेकांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. 'सांगितली गेली' हे शब्द आम्ही जाणून वापरतों. टीका ज्ञानदेवांची, लेखनिक सच्चिदानंदबाबा, असें ग्रंथाच्या अखेरीसच नमूद आहे. नवव्या अध्यायाचा तर आरंभच श्रोत्यांजवळ अवधान मागून होतो. ओवीची घडणही कानासाठींच आहे: पहिल्या तीन चरणांस यमक, चौथा आखूड व मोकळा. त्या चौथ्या चरणाशीं आवाज टेंकतो, आणि टेंकला म्हणजे अर्थही जागेवर बसतो. आमचे विद्यार्थी हा ग्रंथ मुकाट्यानें डोळ्यांखालून घालतात व भाषा फार जुनी म्हणून बाजूस ठेवतात. शब्द जुने आहेत हें खरें. परंतु निम्मी अडचण शब्दांची नसून डोळ्यांची आहे. घरोघरच्या पारायणांत आवाज असतो, पण पुष्कळदां ठरलेले अध्याय वेळेवर उरकण्याची एवढी घाई असते कीं तिसरा चरण कोठें संपला आणि चौथा कोठें लागला, हें वाचणाऱ्यासही कळत नाहीं. मोठ्यानें झालें, इतकेंच.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून 'प्रकट वाचन' हा शब्द रूढ आहे, तो आम्हांस फार समर्पक वाटतो. संस्कृत नाटकांत 'स्वगत' याच्या उलट 'प्रकाश' अशी सूचना असते. तें भाषण सर्वांस ऐकूं जावयाचें असतें, ओरडावयाचें नसतें. ज्यांस आमचें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटत असेल, त्यांनीं नवव्या अध्यायाच्या पहिल्या दहा ओव्या प्रथम मनांत वाचाव्या. मग त्याच, घरांतील कोणासही समोर बसवून, बोलण्याच्याच आवाजांत, तिसऱ्या चरणानंतर किंचित् थांबून.