प्रश्न एकाचा, दुखणं दोघांचं

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली खटला झाला. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. पण कामसुख वेगळं आणि संतती वेगळी, हा कर्व्यांचा मुद्दा उरला.

प्रोस्टेटच्या कर्करोगात तोच कामी येतो. ग्रंथी काढताना लगतच्या नसा दुखावल्या की ताठरता जाते, वीर्य तर येतच नाही. हार्मोन दाबणाऱ्या उपचारांत इच्छाही मावळते. तरी स्पर्शाचं सुख उरतं, कित्येकांना उत्कटबिंदूही अनुभवता येतो. हे किती जणांना माहीत असतं?

कर्व्यांबद्दल माझी तक्रार एकच. प्रश्नोत्तर या प्रकारात विचारणारा एकटा असतो. जोडपं पानावर येत नाही. आपल्या पेणहून मुंबईला तपासणीसाठी जाणारे दोघं बघा. फाइल तिच्या पिशवीत, पथ्याचं तीच विचारते, लघवीचंही तीच. पुढचं मात्र दोघंही गिळतात. घरी आल्यावर तो लाजेनं वेगळी खाट टाकतो, आणि तिला वाटतं, आपणच नकोशा झालो. ‘पुरुषत्व गेलं’ म्हणतात ना, त्या शब्दात तिला जागाच नाही. तिला काय हवंय, हे त्यानं तरी कधी विचारलंय? आजारापूर्वीसुद्धा?