जाहिरात लिहिणारा विद्यार्थी आणि जाहिरात वाचणारा विद्यार्थी : माध्यमिक स्तरावरील माध्यमशिक्षणाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या माध्यमिक शालेय शिक्षणात जाहिरातीचा प्रवेश प्रामुख्याने भाषा विषयाच्या मार्गाने झालेला आहे. इयत्ता दहावीच्या मराठी विषयात पत्रलेखन, सारांशलेखन, बातमीलेखन व कथालेखन यांच्याबरोबरच 'जाहिरात लेखन' हा घटक उपयोजित लेखनात समाविष्ट करण्यात आला. भाषाशिक्षण जीवनव्यवहाराशी जोडले जावे, हा त्यामागील हेतू निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु जाहिरात हा केवळ भाषिक कौशल्याचा प्रकार नाही. ती एक आर्थिक आणि सामाजिक कृती आहे. कोणीतरी पैसे मोजून, कोणाचे तरी मन वळवण्यासाठी केलेले ते विधान असते. या विधानाकडे विद्यार्थ्याने कोणत्या बाजूने पाहावे, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या दृष्टीने मूलभूत ठरतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने दहावीच्या पाठ्यपुस्तकांतील माध्यमविचाराची चिकित्सा केली आहे.

जाहिरात लेखन : विक्रेत्याच्या बाजूने

जाहिरात लेखनाच्या कृतीचे स्वरूप सर्व शिक्षकांना परिचित आहे. एखादा विषय आणि काही मुद्दे दिले जातात. छंदवर्ग, योगवर्ग, पुस्तक प्रदर्शन, रोपवाटिका, शिकवणी वर्ग असे त्या विषयांचे स्वरूप असते. विद्यार्थ्याने लक्षवेधी शीर्षक, मोजके शब्द, यमक वा अनुप्रासयुक्त घोषवाक्य, सवलतीचा उल्लेख आणि संपर्काचा पत्ता यांच्या साहाय्याने आकर्षक मसुदा तयार करावा, अशी अपेक्षा असते. काही कृतींमध्ये दिलेल्या जाहिरातीवर प्रश्नही विचारले जातात. मात्र त्यांचा भर जाहिरातीचा विषय कोणता, जाहिरातदार कोण, सर्वांत आकर्षक घटक कोणता यांवर राहतो. म्हणजे वाचनही पुन्हा लेखनाच्या तयारीसाठीच घडते.

या कृतीत एक गृहीतक दडलेले आहे. जी जाहिरात लक्ष वेधून घेते ती चांगली, हे ते गृहीतक होय. जाहिरातीतील दावा खरा आहे का, तो कसा तपासता येईल, त्यात काय सांगितलेले नाही, हे प्रश्न या चौकटीत उद्भवतच नाहीत. 'शंभर टक्के यशाची हमी' असे शब्द उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दयोजनेसाठी गुण मिळू शकतात, परंतु त्या हमीचा अर्थ काय, असे त्याला कोणी विचारत नाही. निबंधात असत्य विधान केले तर शिक्षक लाल शाईने खूण करतात, जाहिरातीत तेच विधान 'कल्पकता' ठरते. भाषेच्या तासाला भाषेची जबाबदारी अशा रीतीने गळून पडावी, ही चिंतेची बाब आहे.

इतिहास व राज्यशास्त्र : विखुरलेली चिकित्सा

दहावीच्या विद्यार्थ्याला माध्यमांची चिकित्सा मुळीच शिकवली जात नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये आलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हे स्वतंत्र प्रकरण आहे. वृत्तपत्र, आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या वाटचालीचा परिचय करून दिल्यानंतर प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करण्याची गरज तेथे मांडली आहे. हिटलरच्या म्हणून १९८३ मध्ये 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकाने प्रसिद्धीस दिलेल्या आणि पुढे बनावट ठरलेल्या रोजनिशींचा दाखला त्यासाठी दिला आहे. छापून आले म्हणजे खरे झाले असे नव्हे, हे सांगण्यासाठी हा दाखला अत्यंत समर्पक आहे.

त्याच पुस्तकाच्या राज्यशास्त्र विभागात चळवळींच्या विवेचनात ग्राहक चळवळ आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा यांचा उल्लेख येतो. ज्या राज्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, तेथे हे स्वाभाविकही आहे.

तथापि, हे तीन धागे एकत्र येत नाहीत. मराठीच्या तासाला विद्यार्थी जाहिरात लिहितो, इतिहासाच्या तासाला बनावट दस्तऐवजाविषयी वाचतो आणि राज्यशास्त्राच्या तासाला ग्राहकाचे हक्क पाठ करतो. चिकित्सेची गरज जर्मनीतील साप्ताहिकाच्या संदर्भात शिकवली जाते, पण शाळेच्या फाटकासमोरील फलकाच्या संदर्भात नाही. विषयांच्या सीमारेषा येथे विचारांच्या सीमारेषा बनतात.

जाहिरात वाचण्याची परंपरा

जाहिरातीचे शालेय वाचन ही कल्पना नवीन नाही. इंग्लंडमध्ये एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ मध्येच 'कल्चर अँड एन्व्हायर्न्मेंट' या पुस्तकात जाहिरातींच्या भाषेवर आधारित अभ्यासकृती सुचवल्या होत्या. जाहिरात आणि लोकप्रिय वाङ्मय यांपासून विद्यार्थ्याची अभिरुची वाचवावी, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका अभिजनवादी होती, अशी टीका पुढे झाली व ती रास्तच आहे. लेन मास्टरमन यांनी १९८५ च्या 'टीचिंग द मीडिया' या ग्रंथात वेगळी दिशा दाखवली. माध्यमे वाईट आहेत हे शिकवण्यापेक्षा माध्यमे वास्तवाची रचना करतात, ती रचना कोण करतो, कोणत्या तंत्राने करतो, तीतून कोणती मूल्ये प्रस्थापित होतात आणि वाचक-प्रेक्षक तिचा अर्थ कसा लावतो, हे विद्यार्थ्याने शोधावे, असा त्यांचा आग्रह होता.

या विचाराचे प्रतिबिंब ब्रिटनमधील माध्यमिक परीक्षेच्या 'माध्यम अध्ययन' या विषयात पडलेले दिसते. तेथे २०१७ पासून लागू झालेल्या एका अभ्यासक्रमात 'क्वालिटी स्ट्रीट' या चॉकलेटची १९५६ ची जाहिरात आणि स्त्रियांच्या क्रीडासहभागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'धिस गर्ल कॅन' या मोहिमेची जाहिरात शेजारी ठेवून अभ्यासण्यात आली. पहिल्या जाहिरातीत चॉकलेटचा डबा पुरुषाच्या हाती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया अशी रचना आहे. ब्रिटनमध्ये मिठाई व साखरेवरील युद्धकालीन नियंत्रण १९५३ मध्ये उठले, हा संदर्भ कळल्यावर त्या चित्रातील चंगळीचा अर्थ उलगडतो. स्त्री-पुरुष संबंधांविषयीची गृहीतके दुसऱ्या जाहिरातीशी तुलना केल्यावर ठळक होतात. अर्थात तेथेही हा विषय ऐच्छिक आहे आणि 'हलका विषय' म्हणून त्याची हेटाळणी होत आली आहे, हे विसरून चालणार नाही.

भारतातही असा प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या प्रेरणेने एनसीईआरटीने २००७ मध्ये काढलेल्या इयत्ता सातवीच्या 'सामाजिक आणि राजकीय जीवन' या पुस्तकात जाहिरातीवर एक संपूर्ण प्रकरण होते. डाळ आणि साबण यांच्या दोन काल्पनिक जाहिराती देऊन त्या पाहुणचार आणि मातृप्रेम या भावनांचा वापर कसा करतात, सुट्या डाळीपेक्षा नाममुद्रेची डाळ महाग का पडते, जाहिरातीचा खर्च न परवडणाऱ्या छोट्या विक्रेत्यांचे काय होते, असे प्रश्न त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर ठेवले होते. २०२२ मधील पाठ्यभार कमी करण्याच्या प्रक्रियेत हे प्रकरण वगळण्यात आले आणि २०२५ मध्ये ते पुस्तकही बदलले. जे प्रकरण उच्च प्राथमिक स्तरावरून माध्यमिक स्तरावर विस्तारत जायला हवे होते, तेच नाहीसे झाले.

शिकवणी वर्गाचा फलक : एक वाचन

जाहिरात वाचणे म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करण्यासाठी दहावीच्या विद्यार्थ्याच्या सर्वाधिक जवळचे उदाहरण घेता येईल. दहावी-बारावीचे निकाल लागताच महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांचे चौक खासगी शिकवणी वर्गांच्या फ्लेक्स फलकांनी भरून जातात. फलकाच्या मध्यभागी संचालकांचे मोठे छायाचित्र, त्याभोवती गुणवंतांची छोटी छायाचित्रे, प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत टक्केवारी आणि शेवटी 'प्रवेश सुरू' ही सूचना, अशी या फलकाची रचना बहुधा ठरलेली असते.

या फलकात एकही असत्य विधान नसू शकते. टक्केवारी खरी, विद्यार्थी खरे, छायाचित्रेही खरी. तरीही फलक जे सुचवतो ते सिद्ध झालेले नसते. हे गुण या वर्गामुळे मिळाले, हे विधान फलकावर कोठेही लिहिलेले नसते. ते रचनेतून वाचकाच्या मनात उमटते. एकूण किती विद्यार्थ्यांपैकी हे वीस जण, हे सांगितलेले नसते. या वीस जणांनी वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण केला की केवळ अखेरच्या सराव परीक्षा दिल्या, हेही कळत नाही. उरलेल्या विद्यार्थ्यांचे काय झाले, हा प्रश्न तर फलकाच्या चौकटीबाहेरच राहतो. रेमंड विल्यम्स यांनी जाहिरातीला 'जादूची व्यवस्था' म्हटले होते. वस्तू केवळ वस्तू म्हणून विकली जात नाही, तिला सन्मान, यश, तारुण्य अशा अर्थांची जोड दिली जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. शिकवणी वर्गाचा फलक शिकवणी विकत नाही, तो पालकांच्या चिंतेला यशाचे चित्र दाखवतो.

हे वाचन केवळ बौद्धिक व्यायाम नाही. जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमनासाठी भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून अस्तित्वात आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० मध्ये स्थापन झाले. त्याने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खास शिकवणी क्षेत्रातील जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरण्यासाठी निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्यावी, तसेच त्याने कोणता अभ्यासक्रम, किती कालावधीसाठी घेतला होता हे जाहीर करावे, असे २०२४ ची तत्त्वे सांगतात. २०२२ च्या तत्त्वांतील एक तरतूद भाषाशिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. जाहिरातीतील दावा ज्या भाषेत व ज्या अक्षरवळणात असेल, त्याच भाषेत व त्याच अक्षरवळणात खुलासा असावा, अशी ती तरतूद आहे. दावा मोठ्या मराठी अक्षरांत आणि 'अटी लागू' हा खुलासा बारीक इंग्रजीत, ही रीत मराठी वाचकाला नवीन नाही. कायद्याने ज्या बारकाव्याची दखल घेतली, तो बारकावा मराठीच्या तासाला दुर्लक्षित राहावा, हे विपरीत आहे.

येथे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. दहावीचा विद्यार्थी या फलकाचा केवळ ग्राहक नसतो, तो त्याचा संभाव्य मजकूरही असतो. यंदा फलक वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा पुढील वर्षी त्याच फलकावर झळकू शकतो, आणि ज्याचा झळकणार नाही तो आपण अपयशी असल्याचे त्याच फलकावरून शिकतो. शाळा आणि महाविद्यालयेही प्रवेशाच्या हंगामात असेच फलक लावतात, ही वस्तुस्थिती आहे. जाहिरातीची चिकित्सा वर्गात टाळली जाते, यामागे वेळेचा अभाव हे एकच कारण असेल, असे मानणे त्यामुळे कठीण जाते. विद्यार्थ्याने संस्थेच्याच फलकाकडे बोट दाखवले तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न शिक्षकापेक्षा संस्थेने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

आक्षेप आणि शक्यता

अभ्यासक्रम आधीच अवजड आहे, माध्यमशिक्षणाचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळालेले नाही आणि परीक्षेत मतमतांतरांना गुण देणे कठीण आहे, असे आक्षेप घेतले जातात. त्यांत तथ्य आहे. परंतु त्यासाठी नवा विषय सुरू करण्याची आवश्यकता नाही. असलेल्या कृतीतच बदल करता येईल. विद्यार्थ्याने जाहिरात लिहिल्यानंतर त्याखाली चार ओळींत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : या जाहिरातीतील कोणता दावा पुराव्याने तपासता येईल? ग्राहकाच्या हिताची कोणती माहिती येथे दिलेली नाही? ही जाहिरात कोणाला उद्देशून आहे आणि कोणाला वगळते? या उत्तरांचे मूल्यमापन सारांशलेखनाच्या मूल्यमापनाहून अधिक कठीण ठरण्याचे कारण नाही. इतिहासाच्या शिक्षकाने 'स्टर्न'च्या उदाहरणाबरोबर स्थानिक वृत्तपत्राचे एक पान वर्गात आणावे आणि त्यातील बातमी कोणती व बातमीच्या रूपातील जाहिरात कोणती, हे विद्यार्थ्यांकडून ओळखून घ्यावे.

जाहिरात लेखन वगळावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. जाहिरात लिहिता येणे हे उपजीविकेचे कौशल्य आहे आणि ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला ते मिळणे अगत्याचे आहे. किंबहुना ज्याने स्वतः जाहिरात रचली आहे, त्याला दुसऱ्याची जाहिरात अधिक चांगली उलगडता येते. लेखनाचा हा अनुभव वाचनापर्यंत नेला जात नाही, एवढीच उणीव आहे.

समारोप

दहावीच्या अभ्यासक्रमात जाहिरात आहे, माध्यमांची चिकित्सा आहे आणि ग्राहकाचे हक्कही आहेत. परंतु ते तीन वेगवेगळ्या तासांना विभागले गेल्याने विद्यार्थ्याच्या हाती मन वळवण्याचे तंत्र येते, मन वळवले जात असताना सावध राहण्याची दृष्टी येत नाही. जाहिरात लिहिण्यासाठी दिलेल्या चौकटीखाली चार ओळींची मोकळी जागा ठेवणे, ही फार मोठी सुधारणा नव्हे. मात्र त्या चार ओळींत विद्यार्थी प्रथमच विक्रेत्याच्या जागेवरून उठून स्वतःच्या जागेवर येऊन बसेल. माध्यमशिक्षणाचा आरंभ तेथून होऊ शकतो.