'स्व'ची ओळख : रोगप्रतिकारक यंत्रणा आणि मेंदू यांच्या साधर्म्याची चिकित्सा

रोगप्रतिकारक यंत्रणा 'आपले' आणि 'परके' ओळखते, मेंदू 'मी' आणि 'मी नव्हे' ओळखतो. म्हणून दोहोंचे कार्य एकाच जातीचे होय, असे प्रतिपादन विज्ञानविषयक लेखनात वारंवार आढळते. या साधर्म्यामागे शास्त्रीय परंपरा आहे. प्रतिपिंडे परका पदार्थ पाहून घडत नाहीत. नानाविध पेशी आधीच सिद्ध असतात व जुळणारी तेवढी वाढते, हा सिद्धांत मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडला. प्रतिपिंडांच्या रचनेवरील संशोधनासाठी १९७२ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या जेराल्ड एडलमन यांनी १९८७ मध्ये निवडीचे हेच तत्त्व मेंदूतील चेतापेशींच्या गटांना लावले. फ्रान्सिस क्रिक यांनी त्याला 'एडलमनवाद' म्हणून चिमटा काढला, तो अगदीच अनाठायी नव्हता.

निवडीपुरते साधर्म्य मान्य करता येईल. 'ओळख' हा शब्द मात्र दोन्हीकडे एकाच अर्थाने चालत नाही. पेशीवरील ग्राहीला रेणू जुळणे ही एक गोष्ट. स्पर्श, दृष्टी व हालचाल यांच्या मेळातून हात आपला वाटणे ही निराळी.

याची कसोटी कुष्ठरोगात लागते. राहाता तालुक्यातील शिर्डी येथे साईबाबांच्या भाजलेल्या हाताला रोज पट्टी बांधणारे भागोजी शिंदे कुष्ठरोगी होते, असे दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त येते. या रोगाचे जंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत शिरतात. प्रतिकार क्षीण असल्यास ते अमाप वाढतात. प्रतिकार प्रबळ असल्यास जंतू थोडेच राहतात. पण चेतातंतूंची हानी लवकर होते. उपचार चालू असतानाही प्रतिकार एकाएकी उसळतो, चेता सुजतात आणि स्टेरॉइड देऊन तो आवरावा लागतो. म्हणजे यंत्रणेने 'परके' अचूक ओळखले, आणि त्या झटापटीत 'आपले'च गेले!

बधिर झालेला हात रुग्णांना अवजारासारखा वाटतो, असे वेल्लोर येथे दीर्घकाळ काम केलेल्या पॉल ब्रँड यांनी नोंदवले आहे. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या लेखी मात्र तोच हात 'स्व'च राहतो. एकाच हाताविषयी दोन यंत्रणांचे निवाडे असे वेगळे पडतात. साधर्म्याचे पुरस्कर्ते नेमके हेच विचारात घेत नाहीत. भाजले, चिरले तरी रुग्णाला कळत नाही. म्हणून रोज हातपाय डोळ्यांनी तपासण्याची सवय त्याला लावावी लागते.