किती वर्षं?

'ॲडोलसन्स'बद्दल बोलायला लागलं की लोक पहिल्या भागापासून सुरुवात करतात. पहाटे दार फोडून घुसलेले पोलीस, अंथरुणातच घाबरून पँट ओली करणारा १३ वर्षांचा जेमी, एकदाही न तुटणारा कॅमेरा. सगळं खरं, पण मला विचाराल तर मालिकेचा जीव तिसऱ्या भागात आहे. (पाहिली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.)

एक खोली, एक टेबल. जेमीवर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे आणि ब्रायनी नावाची मानसशास्त्रज्ञ त्याच्याबद्दल कोर्टासाठी अहवाल लिहिते आहे. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपल्यातलं अर्धं सँडविच देते. मग हळूहळू प्रश्न. वडील कसे आहेत, पुरुष असणं म्हणजे काय, ती मुलगी मेली म्हणजे नक्की काय झालं हे तुला कळतं का. ओवेन कूपरचं हे पडद्यावरचं पहिलंच काम, आणि चारही भागांत सर्वांत आधी चित्रित झाला तो हाच भाग. हा पोरगा क्षणात लाडात येतो, क्षणात अंगावर धावून जातो आणि वर तिलाच घाबरली म्हणून डिवचतो. शेवटी त्याला ओढून नेत असतात, तेव्हा तो जिवाच्या आकांताने विचारत राहतो की मी तुला आवडतो की नाही.

एखाद्या सुमार मालिकेने इथे मेंदूचा नकाशा दाखवला असता. कपाळामागचा, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. भावना आणि बक्षिसाची ओढ मात्र वयात येतानाच उसळते. म्हणजे ॲक्सिलरेटर आधी, ब्रेक नंतर. उपमा सोपी आहे, म्हणून रील्समध्ये सारखी भेटते. मला त्यापेक्षा मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग जास्त बोलका वाटतो. व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की थांबायचं की रेटायचं ते ठरवायचं. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत; प्रौढांना मित्रांच्या असण्याने फरक पडला नाही. आता जेमीकडे बघा. त्याची लाज इन्स्टाग्रामवर सगळ्यांसमोर काढली गेली आहे, इमोजींमधून. हातात फोन असलेल्या मुलाला बघणारे मित्र कधी उठून जातात का?

पण हे विज्ञान सरासरीचं आहे. हजार मुलांबद्दल ते जे सांगतं, ते समोर बसलेल्या एकाबद्दल सांगेलच असं नाही. आणि २५ हा आकडा म्हणजे काही मेंदू तयार झाल्याचा शिक्का नव्हे. ब्रायनीसमोर सरासरी नाही, जेमी आहे. तो भाग म्हणूनच मोठा.

चौथ्या भागात मात्र मालिका अंग चोरते. वडिलांच्या पन्नासाव्या वाढदिवशी जेमीचा फोन येतो, तो गुन्हा कबूल करणार आहे. स्टीफन ग्रॅहमचा बाप पोराच्या पलंगावर कोसळून रडतो, आपणही रडतो, संपलं. किती वर्षं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इंग्लंडमध्ये याचं उत्तर कायद्यात छापलेलं आहे. अल्पवयीन खुन्याची कोठडी राजाच्या मर्जीपर्यंत, म्हणजे बेमुदत. ठरते ती किमान मुदत. २०२२ पासून तिचा हिशेब वयाच्या पायऱ्यांनी होतो. चाकू सोबत नेऊन खून केला असेल, तर १४ किंवा कमी वयाच्या मुलासाठी मोजणी १३ वर्षांपासून सुरू होते, १७ वर्षांच्यासाठी २३ पासून. जेमीला कबुलीची थोडी सूट मिळेल, पण साधा हिशेब केला तर तो बाहेर येईल पंचविशीच्या आसपास. त्याचा ब्रेक घडायचा तो तुरुंगातच घडणार. एवढी मोठी गोष्ट हातात असताना लेखकांनी ती सोडली याचं मला नवल वाटतं. याच देशात १९९३ च्या बल्जर खुनानंतर 'सन' वृत्तपत्राने कुपनं छापून वाचकांकडून जन्मठेपेची मागणी गोळा केली होती आणि गृहमंत्र्यांनी दोन दहा वर्षांच्या मुलांची मुदत वाढवून १५ वर्षं केली होती. पुढे कोर्टाने ती रद्द केली.

आपल्याकडे जेमीला प्रौढ म्हणून उभं करताच आलं नसतं. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. पण तो १६ चा असता तर? २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणानंतर आलेल्या २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या, अतिशय गंभीर गुन्ह्यातल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळाकडे 'प्राथमिक मूल्यांकन' सोपवलं: कुवत होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. त्यावरून ठरतं, मूल म्हणून वागवायचं की प्रौढ म्हणून. मंडळावर मनाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात मीम निघाले ते ३०० शब्दांच्या निबंधावर. या मूल्यांकनावर कोण कशाला मीम करेल?

कायद्याने त्यासाठी तीन महिने दिले आहेत. ब्रायनीनेही भेटींवर भेटी घेतल्या होत्या. जेमीला नेल्यावर ती रिकाम्या खोलीत एकटी रडते, तिच्या अर्ध्या सँडविचचा त्याने एक घास घेतलेला असतो, आणि अहवालात तिने काय लिहिलं ते आपल्याला कधीच कळत नाही.