शोध आणि संशोधन : डिजिटल साधने व मराठीचा पदव्युत्तर अभ्यास

उच्च शिक्षणातील डिजिटल साधनांविषयी जी चर्चा होते, ती बहुधा वर्गाच्या अंगाने होते. व्याख्यान प्रत्यक्ष व्हावे की पडद्यावर, २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’सारख्या व्यवस्थेतून मिळविलेल्या श्रेयांकांना पदवीत कितपत स्थान असावे, हेच प्रश्न पुन:पुन्हा पुढे येतात. त्यांचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, भाषा व साहित्य यांच्या पदव्युत्तर अभ्यासापुरता खरा पालट वर्गात झालेला नसून अभ्यासिकेत झाला आहे. विद्यार्थी पुरावा कोठून मिळवितो आणि मिळालेल्या पुराव्यावर किती भिस्त ठेवितो, ही गोष्ट मुळापासून बदलली आहे. अध्यापनाने मात्र या पालटाची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही.

या पालटाने झालेला लाभ प्रथम नमूद केला पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्राचीन मराठीचा कोश, हे तिन्ही ग्रंथ आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पूर्वी ते एकत्र पाहावयाचे तर मोठ्या शहरातील समृद्ध ग्रंथालय गाठावे लागे. तालुक्याच्या गावी राहून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही केवळ सोय नव्हे. विद्येच्या वाटणीतील एक जुना अन्याय तिने अंशत: दूर केला आहे. शिवाय छापील कोश वर्णानुक्रमाने बांधलेला असतो. डिजिटल कोशात मोल्सवर्थच्या इंग्रजी अर्थाकडून मराठी शब्दाकडे, म्हणजे उलट दिशेने, येता येते. एखाद्या व्यवसायाचे वा एखाद्या भावच्छटेचे शब्द गोळा करू इच्छिणाऱ्यास ही वाट पूर्वी जवळजवळ बंदच होती.

तथापि या सुलभतेच्या पोटात एक दोष दडलेला आहे. छापील ग्रंथ चाळून एखादा शब्द मिळाला नाही, तर आपल्या नजरेतून तो निसटला असेल ही शंका अभ्यासकाच्या मनात राहात असे. यंत्राने ‘आढळ नाही’ असे सांगितले की ती शंका मावळते. न सापडणे आणि नसणे यांतील अंतर पुसले जाते, आणि अभावाचा निष्कर्ष पुराव्याच्या थाटात प्रबंधात येऊन बसतो. प्राचीन मराठीच्या अभ्यासकाला हा धोका कळण्यास फार खोलात जाण्याचे कारण नाही. आधुनिक मराठीतील अगदी नित्याचे शब्दही तो दाखवून देतात.

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार शिष्टसंमत लेखनातून गेले. तत्पूर्वीचे मुद्रित गद्य ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ अशा रूपांनी भरलेले आहे. आजच्या वळणाने ‘काही’ वा ‘नाव’ असा शोध घेणाऱ्यास, जेथे यंत्र अक्षरश: जुळणी पाहते तेथे, जुन्या ग्रंथांतील शेकडो स्थळे दिसणारच नाहीत. एखाद्या शब्दाचा वापर एकोणीसशे साठनंतर एकाएकी वाढल्याचे त्याच्या आकडेवारीत दिसेल आणि तो त्याची सामाजिक कारणे शोधू लागेल. वस्तुत: त्याच्या हाती शब्दाचा इतिहास आलेला नसून लेखननियमांचा इतिहास आलेला असतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र संगणकाच्या युनिकोड या संकेतप्रणालीत दोन निराळ्या क्रमांनी नोंदविता येतो. एका पद्धतीत नुक्तायुक्त ऱ आणि हलन्ताचे चिन्ह येते; दुसरीत साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला मात्र ते, मुद्दाम समीकरण करून दिले नसल्यास, दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या पानांच्या छायाचित्रांवरून यंत्राने अक्षरे ओळखलेली असली तर यात घ आणि ध, भ आणि म यांच्या घोटाळ्याची भर पडते. अर्थात मुद्रितशोधकाची जुनी दक्षता आता वाचकाच्याच अंगी यावी लागेल.

तिसरा प्रश्न संहितेचा. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची; एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले ते शके १५०६ मध्ये; राजवाड्यांनी जुन्या पोथीच्या आधारे आपली प्रत १९०९ साली छापली. या इतिहासाचा अर्थ असा की, ‘ज्ञानेश्वरीत अमुक रूप आढळते’ हे विधान कोणती प्रत ते सांगितल्यावाचून अपुरेच राहते. डिजिटल संहिता मात्र पुष्कळदा पाठभेद गाळून, कित्येकदा आधारप्रतीचे नावही न देता, एकच एक स्वच्छ पाठ पुढे ठेवते. विद्यार्थ्याला ओवी मिळते. त्या ओवीमागील वाद मिळत नाही. ज्या ठिकाणी विचारास आरंभ व्हावयाचा, तेथेच तो थांबतो.

शिक्षणव्यवस्थेनेही या वृत्तीस नकळत हातभार लावला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरविताना दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास अपात्र मानले. चौर्यास आळा घालण्याचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. विचार उसना घेऊन शब्द बदलणारा त्यातून सुटतो. आणि टक्केवारी आटोक्यात आली की प्रबंध निर्दोष झाला, अशी समजूत रूढ होऊ पाहते. २०२२ च्या अखेरीपासून मागणीबरहुकूम सफाईदार गद्य लिहून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आली. ती नसलेला संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतात. त्यामुळे भाषेची सफाई हा अभ्यासाचा पुरावा मानण्याचे दिवस संपले.

यावर साधनांचा त्याग हा उपाय नव्हे. उपाय अध्यापनाचा आहे. पूर्वी संदर्भ सापडविणे हेच कष्टाचे काम असल्याने संशोधनपद्धतीच्या पाठांचा भर त्यावर असे. आता भर परीक्षणावर यावयास हवा. अभावाचे विधान करणाऱ्या प्रत्येक प्रबंधात शोध कोणत्या संग्रहात, कोणत्या आवृत्तीत, किती लेखनरूपांनी घेतला, याची नोंद सक्तीची असावी. परीक्षेत विद्यार्थ्यापुढे ‘आढळ नाही’ असे एखादे उत्तर ठेवून ते का आले असावे, हे त्याला विचारावे. आणि निदान एक जुना ग्रंथ त्याने आरंभापासून अखेरपर्यंत, शोधाच्या चौकटीविना, वाचलेला असावा. कारण काय शोधावे हे ज्ञान त्या चौकटीत मिळत नाही.

‘शोध’ आणि ‘संशोधन’ हे दोन्ही शब्द ‘शुध्’ या एकाच धातूपासून आले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ शुद्ध होणे असा आहे. व्यवहारात ‘शोध’ म्हणजे केवळ सापडविणे झाले; पारखून घेण्याचा मूळ भाव ‘संशोधना’ने जपला. यंत्राने पहिले काम पुष्कळसे आपल्याकडे घेतले आहे. दुसरे विद्यापीठाचे आहे, आणि ते विद्यापीठाने सोडले तर त्याच्याजवळ शिकविण्यासारखे फारसे उरणार नाही.