‘समक्ष’ या शब्दाचा अर्थ : दूरदृश्य साक्षीविषयीच्या २००३ च्या निकालाचे परीक्षण

प्रस्तावना :
फौजदारी खटल्यातील तोंडी पुराव्याला खरे वजन येते ते उलटतपासणीत टिकल्यानंतर. म्हणूनच पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदविला जावा, असा दंडक फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २७३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये तो कायम असून त्यात दृक्‌श्राव्य माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आला आहे. या बदलाची वैचारिक पायाभरणी मात्र ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालाने १ एप्रिल २००३ रोजीच केली होती. प्रस्तुत लेखात सदर निकालातील युक्तिवादाचे परीक्षण केले असून भिवंडीसारख्या स्थलांतरित कामगारांच्या शहराच्या संदर्भात त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत.

निकालाची पार्श्वभूमी :
मुंबईत १९८७ साली एका कर्करुग्ण महिलेवर झालेल्या शस्त्रक्रियेतून हा खटला उद्भवला. शस्त्रक्रिया करू नये, असे मत आधी देणारे न्यूयॉर्क येथील तज्ज्ञ साक्ष देण्यास तयार होते. परंतु भारतात येण्यास तयार नव्हते. दंडाधिकाऱ्यांनी दूरदृश्य प्रणालीस दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. वरियावा व न्या. अग्रवाल यांच्या खंडपीठाने ती ग्राह्य ठरविली. मूळ खटल्यात पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना फौजदारी आरोपातून मुक्त केले. तथापि ‘समक्ष’ या शब्दाचा २००३ मध्ये लावलेला अर्थ कायम राहिला.

युक्तिवादाचे स्वरूप :
कायदा हा काळाबरोबर चालणारा असल्याने त्यातील शब्दांना नव्या साधनांच्या प्रकाशात अर्थ द्यावा, हे या निकालाचे मुख्य सूत्र होय. समक्षता म्हणजे केवळ शारीरिक सान्निध्य नव्हे. आरोपी व त्याचा वकील साक्षीदाराला पाहू, ऐकू आणि प्रश्न विचारू शकत असतील, तर कलमाचा हेतू साध्य होतो. दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाचे सामने घरबसल्या पाहता येतात, हा दाखलाही न्यायालयाने दिला आहे. चित्रण पुन्हा पाहता येत असल्याने साक्षीदाराच्या वर्तनाचे निरीक्षण उलट अधिक चांगले होते, असेही न्यायालयास वाटले.

सूत्र पटण्याजोगे आहे; दाखला मात्र अपुरा आहे. सामना पाहणारा प्रेक्षक खेळात हस्तक्षेप करीत नाही. उलटतपासणी घेणारा वकील मात्र खेळातच उतरलेला असतो. त्याच्या दृष्टीने पडद्याच्या चौकटीत काय दिसते याइतकेच, चौकटीबाहेर कोण बसले आहे, हेही महत्त्वाचे ठरते. शिवाय सदर साक्षीदार उच्चशिक्षित तज्ज्ञ होता. त्याच्या मतावरून घालून दिलेला नियम प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला जसाच्या तसा लागू करणे कितपत योग्य, हा प्रश्न निकालात अनुत्तरित राहतो.

पुढील वाटचाल :
न्यायालयांनाही ही अडचण जाणवल्याचे दिसते. वैवाहिक वादांत दूरदृश्य सुनावणीवर ‘संथिनी’ निकालातील बहुमताने २०१७ साली मर्यादा घातली. ६ एप्रिल २०२० च्या आदेशात, उभय पक्षांच्या संमतीखेरीज या मार्गाने पुरावा नोंदवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१६ मध्ये डेव्हिड हेडली याची साक्ष अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयात नोंदविली गेली. शासनाला निकड वाटली तेथे साधने कमी पडली नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

भिवंडीचा संदर्भ :
भिवंडीचा यंत्रमाग उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेल्या कामगारांच्या बळावर चालतो. कारखान्यातील अपघात, मारहाण, आग अथवा २०२० मधील जिलानी इमारतीसारखी दुर्घटना यांचे साक्षीदार याच वर्गातील असतात. तारीख लागेपर्यंत साक्षीदार गावी गेलेला असतो. एका साक्षीसाठी परतायचे तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार त्याच्यावर पडतो. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञापेक्षा या कामगारालाच दूरदृश्य साक्षीची गरज अधिक आहे. परंतु त्याने गावातील कुणाच्या तरी घरातून मोबाइलवर साक्ष दिली, तर पडद्याआड मुकादम, मालकाचा माणूस अथवा आरोपीचा नातलग उभा नाही, याची हमी कोण देणार? आरोपीही बहुधा मागावरचाच कामगार असतो. त्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय तुटक आवाजावर आणि अंधूक चित्रावर होणे न्यायाला धरून नाही.

निष्कर्ष :
२००३ च्या निकालाने दार उघडले. उंबरठा मात्र आखला नाही. तो पुढील तीन अटींनी आखता येईल. पहिली, सामान्य साक्षीदाराची दूरस्थ साक्ष त्याच्या जिल्ह्यातील न्यायालयाच्या आवारातूनच, जबाबदार अधिकाऱ्याच्या उपस्थितीत व्हावी. दुसरी, साक्षीदाराची भाषा जाणणारा दुभाषी उपलब्ध असावा. तिसरी, जुन्या संहितेच्या कलम २८० नुसार साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा लिहिण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्याच जोडीने चित्र व आवाजाच्या स्पष्टतेचीही नोंद न्यायाधीशांनी करावी. ‘समक्ष’ या शब्दाचा अर्थ विस्तारणे उचितच होते. त्या विस्ताराचा लाभ परदेशस्थ तज्ज्ञाइतकाच गावी परतलेल्या माग कामगारालाही मिळावा, आणि त्याची किंमत आरोपीच्या उलटतपासणीच्या हक्काने मोजली जाऊ नये, एवढीच अपेक्षा.